‘रोगलाइक’ कोणाला म्हणायचं? गेमच्या भाषेतलं एक लांबलेलं प्रकरण

फेब्रुवारी २०२४ मध्ये ‘बालाट्रो’ नावाचा गेम आला. गेम पत्त्यांचा आहे. पोकरमधल्या पेअर, फ्लश, स्ट्रेट अशा जुळण्या लावायच्या, गुण कमवायचे, मिळालेल्या पैशांतून जोकर विकत घ्यायचे आणि दर फेरीला वाढत जाणारं लक्ष्य गाठायचं. त्यात भुयार नाही, राक्षस नाहीत, तलवार नाही, चालणारं-लढणारं पात्रसुद्धा नाही. तरीही तो ‘रोगलाइक डेकबिल्डर’ (डेकबिल्डर म्हणजे खेळता खेळता आपला पत्त्यांचा संच बांधत जायचा गेम) म्हणून विकला जातो आणि विकत घेणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना त्यात काही खटकतं.

हा शब्द १९९३ मध्ये ज्यांनी रुजवला, त्यांच्यापुढे बालाट्रो ठेवला असता तर त्यांनी तो पत्त्यांच्या गेममध्ये टाकला असता आणि पुढे गेले असते. त्यांच्या लेखी रोगलाइक म्हणजे अक्षरांनी काढलेलं भुयार, पाळीपाळीने होणाऱ्या हालचाली आणि एकदा मेलात की पहिल्यापासून सुरुवात. तीस-एकतीस वर्षांत शब्द तोच राहिला आणि त्याच्याखाली मोडणाऱ्या वस्तू जवळजवळ सगळ्या बदलल्या. गेमच्या भाषेत असं बऱ्याच शब्दांचं झालंय, पण इथे बदलाचा प्रत्येक टप्पा नोंदलेला आहे. नाव कुठे ठरलं, व्याख्या कुठे झाली, फाटा कुठे फुटला हे सगळं सांगता येतं. म्हणून अभ्यासासाठी हेच प्रकरण निवडलं.

मूळ गेम

देवनागरीत ‘रोग’ लिहिलं की आजारच डोळ्यांपुढे येतो, पण हा इंग्रजी शब्द आहे. कोणाच्या टोळीत नसलेला, एकटा फिरणारा, नियमांना फारसं न जुमानणारा इसम. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांताक्रूझ इथल्या आवारात मायकल टॉय आणि ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनी ‘रोग’ नावाचा गेम लिहायला घेतला. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या टेबलाभोवती बसून खेळायच्या खेळात मंडळी गटाने साहसाला निघतात, इथे खेळाडू एकटाच उतरतो, म्हणून हे नाव. पुढे टॉय बर्कलीला गेले आणि तिथे केन अर्नोल्ड त्यांना येऊन मिळाले. पडद्यावर हव्या त्या जागी हवं ते अक्षर उमटवता येईल अशी ‘कर्सेस’ नावाची लायब्ररी (इतर प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) अर्नोल्ड यांनी लिहिली होती. टायपरायटरसारखा ओळीमागून ओळ छापणारा पडदा तिच्यामुळे नकाशासारखा वापरता येऊ लागला, आणि ‘रोग’ उभा राहिला तो त्या सोयीवर.

खेळाडू म्हणजे @ हे चिन्ह. राक्षस म्हणजे इंग्रजीतली मोठी अक्षरं. सव्वीस मजले खाली उतरायचं, येंडरचा ताईत घ्यायचा आणि पुन्हा वर यायचं. खोल्या, वाटा, वस्तू यांची मांडणी दर खेळात नवी. औषधांचे रंगसुद्धा दर वेळी बदललेले: कालच्या खेळात निळ्या बाटलीने जखम भरली होती, आजच्या खेळात तीच बाटली आंधळं करू शकते. टॉय आणि विचमन यांना हेच हवं होतं. त्या काळातले साहसी गेम एकदा सुटले की त्यांत काही उरत नसे. बनवणाऱ्यालाही पुढे काय येईल हे सांगता येऊ नये, असा गेम त्यांना करायचा होता. मेलं की जतन केलेला खेळ पुसला जाई. खेळाडूच्या हाती काही राहत नसे, जे राहायचं ते डोक्यात.

१९८३ मध्ये बर्कलीच्या ४.२ बीएसडी या युनिक्स संगणकप्रणालीबरोबर ‘रोग’ अनेक विद्यापीठांत पोचला. मूळ कोड मात्र सहजासहजी मिळत नव्हता. ज्यांना गेम आवडला आणि त्यात आपलं काही घालावंसं वाटलं, त्यांना तो स्वतःच नव्याने लिहावा लागला. मॅसॅच्युसेट्समधल्या एका शाळेत शिकणाऱ्या जे फेनलसन यांनी १९८२ मध्ये ‘हॅक’ लिहिला. ओक्लाहोमा विद्यापीठात रॉबर्ट अ‍ॅलन केनेकी यांनी ‘मोरिया’ रचला. हॅकमधून १९८७ मध्ये ‘नेटहॅक’ आला, मोरियावरून १९९० मध्ये इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठात ‘अँगबँड’. कोड हाताशी असता तर कदाचित एकाच गेमच्या सुधारित आवृत्त्या निघत राहिल्या असत्या. तो नव्हता म्हणून सख्ख्या-चुलत गेमचं कुटुंब तयार झालं, आणि कुटुंबाला आडनाव लागणार हे उघड होतं.

१९९३: सोयीसाठी ठेवलेलं नाव

या गेमची चर्चा तेव्हा यूजनेटवर, म्हणजे इंटरनेटवरच्या जुन्या चर्चागटांत, चाले. हॅकवाल्यांचा गट वेगळा, मोरियावाल्यांचा वेगळा. खेळ मिळतेजुळते, खेळणारे पुष्कळदा तेच, म्हणून हे गट एका छत्राखाली आणावेत अशी सूचना आली. छत्राचं नाव काय ठेवायचं यावर काही आठवडे वाद झाला. आधी ‘डन्जन’ हा शब्द पुढे आला होता. शेवटी सगळ्यांत जुना गेम ‘रोग’, म्हणून त्याच्यासारखे ते ‘रोगलाइक’, यावर मंडळी थांबली. उत्तम नाव सापडलं असं कोणाचंच म्हणणं नव्हतं. पुढे आलेल्या नावांत त्यातल्या त्यात कमी वाईट म्हणून ते घेतलं गेलं.

हे मला प्रकरणातलं सगळ्यांत महत्त्वाचं वळण वाटतं. पुढची पंधरा-वीस वर्षं ‘खरा रोगलाइक कोणता’ यावर माणसं हिरिरीने भांडली, जणू शब्दात मुळातच एखादं तत्त्व दडलं होतं. प्रत्यक्षात १९९३ ला कोणी व्याख्या केलीच नव्हती. चार-पाच ओळखीचे गेम समोर होते, त्यांची चर्चा एकत्र ठेवायची होती, एवढंच काम त्या नावाकडे होतं. ‘लाइक’ म्हणजे कशाच्या बाबतीत सारखं, हे सांगायची तेव्हा गरज नव्हती, कारण सगळे गेम सगळ्याच बाबतींत सारखे होते.

त्या काळच्या खेळाडूंची बोलीही ऐकण्यासारखी होती. नेटहॅकमध्ये जिंकण्याला ‘असेंड’ होणं म्हणत. एखाद्या फालतू चुकीने मरण आलं की ‘आणखी एक मूर्ख मरण’ अशा अर्थाच्या चार इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं घेऊन ‘वायएएसडी’ असा मथळा द्यायचा आणि मेल्याची हकीकत सविस्तर लिहायची, ही रीतच पडली होती. अनपेक्षित काही करून पाहावं आणि गेमने त्यालाही चपखल उत्तर द्यावं, असं झालं की बनवणाऱ्यांनी सगळ्याचाच विचार करून ठेवलाय असं म्हणायचं. त्याचीही आद्याक्षरं ठरलेली. जतन केलेल्या फायलीची चोरून प्रत काढून मरण टाळणाऱ्याला ‘सेव्ह-स्कमिंग’ करणारा म्हणून हिणवायचे. ही सगळी भाषा मरणाभोवती गुंफलेली होती. कसा मेलास, कशामुळे मेलास, त्यातून काय शिकलास, हेच बोलणं.

२००८: एकाच वर्षात व्याख्या आणि अपवाद

२००८ मध्ये बर्लिनला रोगलाइक बनवणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथे जमलेल्यांनी रोगलाइकची लक्षणं लिहून काढली. हा मजकूर ‘बर्लिन इंटरप्रिटेशन’ म्हणून ओळखला जातो. अ‍ॅडॉम, अँगबँड, क्रॉल, नेटहॅक आणि रोग हे पाच गेम प्रमाण मानले गेले. मोठी लक्षणं नऊ: दर वेळी नव्याने रचलेलं जग, कायमचं मरण, पाळीपाळीने खेळ, चौकटींचा नकाशा, सगळ्या कृती एकाच पडद्यावरून करता येणं, एका अडचणीतून सुटण्याचे अनेक मार्ग, मोजकी साधनं जपून वापरणं, भरपूर मारामारी, आणि शोध. कमी महत्त्वाची सहा, त्यांत अक्षरांनी काढलेलं चित्र आणि भुयार हेही होते.

या मजकुरावर नंतर फार टीका झाली. दाराशी पहारेकरी बसवले, नव्यांना आत येऊ देत नाहीत, असं म्हटलं गेलं. मला ती टीका अन्यायाची वाटते. एखादं लक्षण नसलं म्हणून गेम रोगलाइक ठरत नाही असं नव्हे, आणि बनवणाऱ्यांना बांधून ठेवणं हा आपला हेतू नाही, हे त्या मजकुरातच लिहिलेलं आहे. आपण ज्याचा अभ्यास करतो ते काय आहे हे आपल्यालाच नीट कळावं, इतकीच त्यांची इच्छा होती. ज्यांनी तो पुढे वादात शस्त्र म्हणून वापरला, त्यांनी बहुधा ती वाक्यं वगळून फक्त यादी वाचली.

मराठी वाचकाला हा पेच नवा नाही. सुरेश भटांनी नवोदितांसाठी गझलेची बाराखडी लिहून दिली: मतला, काफिया, रदीफ, सगळ्या शेरांना एकच वृत्त, आणि प्रत्येक शेर आपल्या पायावर उभी असलेली कविता. ती वाचून कितीतरी जण गझल लिहायला शिकले. पण मैफलीच्या पत्रिकेवर ‘गझल’ म्हणून छापलेल्या प्रत्येक गाण्यात ही बाराखडी पाळलेली असते असं कोण म्हणेल? लिहिणाऱ्याला व्याख्येचा आधार होतो. ऐकणारा मात्र तो शब्द कोणत्या सुरासाठी वापरायचा ते स्वतःच ठरवतो.

बर्लिनची यादी झाली त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये डेरेक यू यांनी ‘स्पेलंकी’ मोफत उपलब्ध करून दिला. हा उड्या मारत पुढे जायचा गेम. पाळी नाही, चौकटीवर एक-एक पाऊल नाही. क्षणाचा उशीर झाला की काट्यांवर. पण गुहा दर वेळी नवी, मरण कायमचं, आणि प्रत्येक वस्तूचा दुसऱ्या वस्तूशी काही ना काही संबंध. दुकानातून चोरी केली तर दुकानदार मागे लागतो, हा नेटहॅककडून आलेला वारसा. यू यांनी रोगलाइकचा आत्मा घेतला आणि शरीर मारिओच्या घराण्यातलं निवडलं. लक्षणांच्या यादीतलं ‘पाळीपाळीने’ आणि ‘चौकटी’ हे दोन खांब काढूनही इमारत उभी राहते, हे या गेमने करून दाखवलं.

मरणाचा अर्थ बदलला

मग रांगच लागली. २०११ मध्ये ‘बाइंडिंग ऑफ आयझॅक’, २०१२ मध्ये ‘एफटीएल’. एफटीएलच्या कर्त्यांनी आपल्या अंतराळयानाच्या गेमला ‘रोगलाइक-लाइक’ म्हटलं, म्हणजे रोगसारख्यांसारखा. शब्द अवघडल्याची ही पहिली ठळक खूण. आपण त्या कुळातले आहोत पण थेट वारस नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला दुसरा मार्ग सापडत नव्हता.

२०१३ मध्ये ‘रोग लेगसी’ आला आणि त्याच्या कर्त्यांनी ‘रोग-लाइट’, म्हणजे रोगचा सौम्य अवतार, हा शब्द वापरला. त्या गेममध्ये तुमचा योद्धा मरतो तेव्हा त्याचं मूल पुढे येतं आणि बापाने मिळवलेलं सोनं वाड्याच्या बांधकामावर खर्च करता येतं. पुढचा वारस थोडा जास्त ताकदवान. म्हणजे मेल्यावर काहीतरी शिल्लक राहतं.

वरवर पाहता बदल लहान आहे. पण १९८० च्या कल्पनेचं नेमकं काय झालं ते इथे नीट पाहायला हवं. ‘रोग’मध्ये खेळाडू शहाणा होतो, पात्र होत नाही. शंभराव्या खेळात तुम्ही जिंकलात तर त्याचं कारण तुमच्या डोक्यात साठलेले नव्व्याण्णव पराभव, गेमने तुम्हाला काहीही दिलेलं नसतं. ‘रोग लेगसी’मध्ये शंभराव्या वेळी तुम्ही जिंकलात तर त्यात तुमचं कौशल्य किती आणि वाड्याच्या भिंती किती, हे वेगळं काढता येत नाही. पहिल्या प्रकारात मरण म्हणजे शेवट. दुसऱ्या प्रकारात ते हप्ता भरल्यासारखं: थोडं दिलं, थोडं जमा झालं.

२०२० मध्ये ‘हेडीज’ने यापुढचं पाऊल टाकलं. पाताळातून पळू पाहणारा झाग्रियस मेला की बापाच्या घरी परत येतो आणि तिथली मंडळी त्याच्याशी बोलतात. कोणी मारलं, कसं मारलं, यावर टिप्पणी करतात. कथा पुढे सरकते ती या परतण्यांतून. एकदाही न मरता पळून जाणाऱ्या खेळाडूला ही गोष्ट नीट कळणारच नाही. चाळीस वर्षांपूर्वी मरणाने गोष्ट संपत होती, इथे मरणाशिवाय गोष्ट घडत नाही. दोन्ही गेमना एकाच शब्दाने ओळखलं जातं आणि दोन्हींच्या वर्णनात ‘कायमचं मरण’ हे लक्षण सांगितलं जातं. म्हणून मी म्हणेन की ‘रोगलाइक’ या शब्दाच्या आधी त्याच्या पोटातला ‘मरण’ हा शब्द बदलला.

खेळाडूंच्या बोलण्यातही हे उतरलं. ‘आणखी एक मूर्ख मरण’ जाऊन ‘रन’, म्हणजे सुरुवातीपासून शेवटापर्यंतचा एक खेळ, आला. आज कोणी नेटहॅकवाल्यांसारखी मरणाची हकीकत लिहीत बसत नाही. रन कसा गेला, बिल्ड (जमवलेल्या वस्तू-शक्तींची जुळणी) काय होता, कोणत्या दोन वस्तूंची सिनर्जी जुळली हे सांगतात. रन फसला तर पुढचा सुरू. जुन्या बोलीत दुःख आणि हसू होतं, नव्या बोलीत कारागिरीचा आनंद आहे. मला जुनी जास्त प्रिय आहे, पण नव्या बोलीनेच हा प्रकार लाखो लोकांपर्यंत नेला, हेही खरं.

शब्द कोणाच्या हाती गेला

१९९३ मध्ये नाव ठेवणारे खेळाडूच होते. २००८ मध्ये व्याख्या करणारे कर्ते होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने खरेदीदारांनाच गेमवर टॅग, म्हणजे प्रकार सांगणारी लेबलं, लावायची सोय दिली आणि शब्दाचा ताबा तिसऱ्याच लोकांकडे गेला. टॅग लावणाऱ्याला इतिहासाशी देणंघेणं नसतं. त्याला आयझॅक आवडलेला असतो, तसंच आणखी काही हवं असतं, आणि त्यासाठी सापडणारा शब्द तो चिकटवतो. हजारोंनी तसं केलं की तीच व्याख्या होते.

कर्त्यांनीही मग उलट दिशेने विचार सुरू केला. अमुक टॅगखाली दिसलो तर अमुक गिऱ्हाईक मिळेल, तर आपल्या गेमला तो शब्द लागला पाहिजे. २०१७ च्या अखेरीस ‘स्ले द स्पायर’ने पत्त्यांचा डाव आणि रोगलाइकची रचना एकत्र आणली, आणि थोड्याच वर्षांत ‘रोगलाइक डेकबिल्डर’ हा स्वतंत्र टॅग झाला. ‘अ‍ॅक्शन रोगलाइक’ झाला. मोठ्या कंपन्याही मागे राहिल्या नाहीत: डिसेंबर २०२३ मध्ये ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’ला ‘वल्हाला’ ही रोगलाइटच्या धर्तीवरची जोड मिळाली, जानेवारी २०२४ मध्ये ‘द लास्ट ऑफ अस पार्ट टू’च्या नव्या आवृत्तीत ‘नो रिटर्न’ हा रोगलाइक मोड आला. इथे तो शब्द गेमप्रकाराचं नावही राहिलेला नाही. खेळण्याची एक पद्धत, जी कुठल्याही गेमला जोडता येते, असा त्याचा अर्थ झालाय.

आणि जुन्या अर्थाचं काय झालं? त्याला विशेषण लागलं: ‘ट्रॅडिशनल रोगलाइक’. ज्यांचा तो शब्द होता, त्यांनाच आता स्वतःची ओळख सांगताना ‘पारंपरिक’ म्हणावं लागतं. ‘लाइक’ आणि ‘लाइट’ हा भेदही टिकला नाही. मेल्यावर काही उरत नसेल तर लाइक, उरत असेल तर लाइट, हा नियम कितीतरी जण पाळतात. पण त्या नियमाने स्पेलंकी ‘लाइक’ ठरतो, आणि बर्लिनच्या यादीने तो लाइकच्या जवळही जात नाही. दोन वेगळ्या कसोट्या एकाच शब्दजोडीवर बसवल्या की असंच होणार.

डूमचं नाव गेलं, रोगचं का राहिलं

डिसेंबर १९९३ मध्ये ‘डूम’ हा बंदुकीने शत्रू मारत पुढे जायचा गेम आला. त्यानंतर काही वर्षं अशा प्रत्येक गेमला ‘डूम क्लोन’ म्हणत. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस तो शब्द मागे पडला आणि ‘फर्स्ट पर्सन शूटर’ रूढ झाला. म्हणजे एकाच वर्षी बीज पडलेल्या दोन नावांपैकी एक पुसलं गेलं आणि दुसरं वाढतच राहिलं. असं का, याचं उत्तर या प्रकरणात शोधायलाच हवं.

एक कारण दिसण्याचं आहे. डूमच्या वंशात काय समान आहे ते पडद्याकडे बघताच कळतं: बंदूक समोर, नजर स्वतःची. वर्णन करणारं नाव आपोआप हाताशी येतं. रोगच्या वंशात जे समान आहे ते पडद्यावर दिसत नाही, दहा-वीस खेळ झाल्यावर जाणवतं. त्याचं वर्णन करू पाहणारी नावं निघाली होती. ‘प्रोसिजरल डेथ लॅबिरिंथ’ हे त्यांतलं एक, बऱ्यापैकी अचूक. ते रुजलं नाही. आपण काय खेळतोय हे मित्राला सांगताना एवढं लांब नाव कोण घेणार?

दुसरं कारण मला जास्त पटतं. डूम तेव्हा बाजारात जिवंत प्रतिस्पर्धी होता. आपला गेम दुसऱ्याची नक्कल आहे असं कोणत्या कंपनीला म्हणवून घ्यायला आवडेल? रोगच्या बाबतीत तसा कोणी मालक नव्हता, ज्याचं नाव घेतल्याने कमीपणा येईल. शिवाय २०११ नंतर हा शब्द शिकलेल्या बहुतेकांनी ‘रोग’ कधी खेळलेलाच नव्हता. मूळ गेम आठवणीतून गेला आणि नाव मोकळं झालं. ज्या नावामागे कोणाच्या डोळ्यांपुढे ठोस वस्तू नाही, त्यात हवा तो अर्थ भरता येतो. ‘डूम’ मात्र सगळ्यांना माहीत होता, म्हणून त्याचं नाव ताणता आलं नाही.

आपल्याकडे

मराठी खेळाडूंपर्यंत हा शब्द पोचला तो बदलून झाल्यावरच. नेटहॅकचा काळ आपल्याकडच्या संगणक विभागांत काम करणाऱ्या मोजक्यांच्या वाट्याला आला असेल. बाकीच्यांनी रोगलाइक ऐकला तो स्टीमवर, किंवा फोनवर ‘डेड सेल्स’ आणि ‘स्ले द स्पायर’ खेळताना. आपल्यासाठी हेडीज हा नमुना आहे आणि ‘रोग’ हा ऐकीव पूर्वज. म्हणून मराठीत गेमवर लिहिणाऱ्याने जुना इंग्रजी मजकूर वाचताना त्याचं साल आधी बघावं. १९९८ च्या लेखातला रोगलाइक आणि २०२३ च्या लेखातला रोगलाइक एकच समजून भाषांतर केलं तर वाचक पार गोंधळेल. जुना अर्थ हातात घेऊन पाहायचा असेल तर अँड्रॉइड फोनवर ‘शॅटर्ड पिक्सेल डन्जन’ मोफत मिळतो. पाळी, चौकटी, अनोळखी औषधं, कायमचं मरण, सगळं आहे त्यात.

भाषा वरून बदलली तर काय होतं याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. सप्टेंबर २०२० मध्ये पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ म्हणून परतला तेव्हा त्यातलं रक्त हिरवं झालं होतं आणि ‘किल’च्या जागी ‘फिनिश’ आलं होतं. पडद्यावरचा शब्द एका दिवसात बदलला. पण कट्ट्यावर ‘किती किल झाले?’ हेच विचारलं जातं. रोगलाइकच्या बाबतीत कोणी हुकूम काढला नाही, बर्लिनच्या मंडळींनीही नाही, आणि तरी अर्थ मुळापासून फिरला. वापरणाऱ्यांनाच वेगळं काही शोधायचं होतं, त्यामुळे.

नुकसान आणि हिशोब

नुकसान झालं का? झालं. पाळीपाळीने खेळायचा, सावकाश विचार करू देणारा गेम हवा असेल तर नुसता ‘रोगलाइक’ शोधून चालत नाही. समोर धावपळीच्या गेमचा ढीग येतो. छोट्या कर्त्यांना याची झळ बसली, कारण त्यांचं नाव त्यांच्याच दारात दिसेनासं झालं. ‘पारंपरिक’ हे विशेषण काहींना अपमानास्पद वाटतं आणि ते मला समजतं.

पण शब्द गेला म्हणून गेम गेले नाहीत. नेटहॅक अजून खेळला जातो. ‘केव्ह्ज ऑफ कड’ हा चौकटींचा, पाळीपाळीचा, अस्सल जुन्या घाटाचा गेम अनेक वर्षांच्या कामानंतर डिसेंबर २०२४ मध्ये पूर्ण झाला आणि विज्ञानकथा आणि कल्पनारम्य कृतींना दिलं जाणारं २०२५ चं ह्यूगो पारितोषिक त्याला मिळालं. २०२१ मध्ये ह्यूगोने व्हिडिओ गेमसाठी पहिल्यांदाच खास पारितोषिक दिलं होतं, ते हेडीजला. एकाच शब्दाच्या दोन टोकांना उभे असलेले दोन गेम, दोन्हींचा सन्मान एकाच मंचावर. जुन्या अर्थाच्या लोकांनी विशेषण स्वीकारून आपलं काम चालू ठेवलं ते योग्यच केलं असं मला वाटतं. शब्दासाठी भांडत बसले असते तर तेवढी वर्षं गेम बनवायची राहिली असती.

याच घडीला तीच प्रक्रिया पुन्हा सुरू आहे, आणि या वेळी वेगाने. २०२२ मध्ये पूर्ण झालेल्या ‘व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स’च्या पाठोपाठ तसे शेकडो गेम आले: चारी बाजूंनी शत्रूंचा लोंढा, हत्यारं आपोआप चालतात, खेळाडूने फक्त वाट काढायची. त्यांना काही जण ‘सर्व्हायव्हर्स-लाइक’ म्हणतात, काही ‘बुलेट हेवन’. एक नाव पूर्वजाचं, दुसरं वर्णनाचं. पूर्वज अजून बाजारात आहे आणि लोकप्रिय आहे. वर मांडलेली कारणं बरोबर असतील तर डूमसारखं वर्णनाचं नाव जिंकायला हवं. पण ‘बुलेट हेवन’ कळण्यासाठी आधी ‘बुलेट हेल’ हा पडदाभर येणाऱ्या गोळ्या चुकवायचा जुना प्रकार माहीत असावा लागतो, आणि नव्या खेळाडूंपैकी अनेकांना तो माहीत नाही. म्हणून माझा कौल सध्या ‘सर्व्हायव्हर्स-लाइक’च्या बाजूने आहे.